तालमीत माणूस घडतो का?

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की रत्नागिरीत कराटे, तायक्वांदो, ज्युदोच्या वर्गांचे फलक दिसू लागतात. मारुती मंदिर असो, साळवी स्टॉप असो की नाचणे रोड, फलकावरचे शब्द साधारण तेच असतात: आत्मविश्वास, एकाग्रता, शिस्त, स्वसंरक्षण. चिपळूण, लांजा, देवरुख, दापोलीतही हेच चित्र आहे. मुलाला घेऊन येणाऱ्या पालकांना त्याने नुसती लाथ मारायला शिकावं असं वाटत नसतं. त्याने मोबाइल बाजूला ठेवावा, चारचौघांत बुजू नये, रागाच्या भरात वस्तू फेकू नयेत, संध्याकाळी क्लासहून एकटी परतताना मुलीच्या मनात धास्ती नसावी, अशा त्यांच्या अपेक्षा असतात. म्हणजे युद्धकलेकडे आपण चारित्र्याची शाळा म्हणून पाहतो. ही अपेक्षा आली कुठून, ती किती खरी ठरते आणि खरी ठरायची तर काय लागतं, याचा आढावा घ्यायला हवा. कारण आपण त्यासाठी मुलांच्या वाढीची महत्त्वाची वर्षं देतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. कुठलीही युद्धकला केवळ तिच्या अंगच्या गुणाने माणूस घडवत नाही. घडवते ती शिकवण्याची रीत. शिकवणारा कोण आहे, समोरच्या जोडीदाराशी कसं वागायला लावतो आणि जिंकण्याला किती मोल देतो, यावर सगळं ठरतं.

रत्नागिरीचं जुनं उदाहरण

शरीर कमावून मन घडवण्याची गोष्ट निघाली की रत्नागिरीकराला टिळक आळीतलं घर आठवतं. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेले बाळ गंगाधर टिळक दहा वर्षांचे असताना कुटुंबासह पुण्याला गेले. डेक्कन कॉलेजात दाखल झाले तेव्हा त्यांची प्रकृती तोळामासा होती. बुद्धी कितीही तल्लख असली तरी असल्या शरीरावर मोठं काम पेलणार नाही, हे त्यांनी ओळखलं. कॉलेजचं पहिलं वर्ष त्यांनी जवळजवळ पूर्णपणे व्यायामाला दिलं. कुस्ती, पोहणं, नाव वल्हवणं असा दिनक्रम ठेवला आणि त्यापायी अभ्यास मागे पडू दिला. पुढे मधुमेह जडलेला असताना त्यांनी मंडालेच्या तुरुंगात सहा वर्षं काढली, तिथेच 'गीतारहस्य' लिहिलं. ते पाहता कॉलेजातलं ते वर्ष वाया गेलं असं कुणी म्हणणार नाही.

या उदाहरणातून कुस्ती माणसाला लोकमान्य करते असा निष्कर्ष कुणी काढू नये. टिळक हेतू घेऊन आखाड्यात उतरले होते. कशासाठी शरीर कमवायचं, किती काळ द्यायचा आणि त्यापायी काय सोडायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवलं होतं. आठ-दहा वर्षांच्या मुलाला हे ठरवता येत नाही. त्याच्या वतीने पालक आणि शिक्षक ठरवतात. म्हणून त्यांची जबाबदारी मोठी.

हे तत्त्वज्ञान कुणी रचलं?

युद्धकलांमागे हजारो वर्षांचं तत्त्वज्ञान आहे, असं नेहमी ऐकू येतं. कौशल्यं जुनी आहेत यात शंका नाही. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातल्या 'मानसोल्लास' ग्रंथात मल्लांच्या कसरतीचं वर्णन आहे. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट्टदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, असं परंपरा सांगते. परंतु 'कुणाही सर्वसाधारण मुलाचं व्यक्तिमत्त्व घडवण्यासाठी युद्धकला' हा विचार फारतर सव्वाशे-दीडशे वर्षांचा आहे आणि तो रचण्यात मोठा वाटा शाळामास्तरांचा आहे.

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये तोक्योतल्या एका देवळात मूठभर विद्यार्थी घेऊन कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. ते पेशाने शिक्षक होते आणि पुढे अध्यापक घडवणाऱ्या संस्थेचे दीर्घकाळ प्रमुख राहिले. जुन्या जुजुत्सूतले घातक डाव त्यांनी मोकळ्या सरावातून वगळले आणि ज्युदोला दोन सूत्रं दिली: आपली शक्ती नेमकी व पुरेपूर वापरा, आणि स्वतःबरोबर दुसऱ्याचंही भलं साधा. ओकिनावात अंको इतोसू यांनी १९०१ च्या सुमारास कराटे शाळेत नेलं. त्यांचे शिष्य गिचिन फुनाकोशी हेही शिक्षक. त्यांनी १९२२ मध्ये तोक्योत कराटेचं प्रात्यक्षिक केलं. तायक्वांदो तर याहूनही अलीकडचं. हे नाव १९५५ मधलं आणि सौजन्य, सचोटी, चिकाटी, आत्मसंयम व अदम्य वृत्ती ही त्याची पाच तत्त्वं सेनाधिकारी चोइ होंग-ही यांनी प्रचारात आणली.

याच काळात महाराष्ट्रात काय चाललं होतं तेही पाहण्याजोगं आहे. १८७८ च्या शस्त्र कायद्याने सामान्य माणसाच्या हातातलं हत्यार गेलं. लाठी, बोथाटी, जोर-बैठका, कुस्ती आणि मल्लखांबाला त्यामुळे नवं महत्त्व आलं. अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं केली. दादरच्या शिवाजी पार्कवर काळे गुरुजींनी १९२५ मध्ये समर्थ व्यायाम मंदिर स्थापन केलं. तिथे घडलेले मल्लखांबाचे प्रशिक्षक उदय देशपांडे यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. बडोद्यात द. चिं. करंदीकर मुजुमदार यांनी दहा खंडांचा 'व्यायाम ज्ञानकोश' सिद्ध केला. तोक्यो असो की अमरावती, प्रश्न एकच होता: हत्याराचं युग सरल्यावर ही विद्या कशासाठी जपायची? दोन्हीकडून आलेलं उत्तरही एकच होतं, नागरिक घडवण्यासाठी. शिक्षणाशी असलेलं हे नातं रवींद्रनाथांनाही पटलं होतं. १९२९ मध्ये त्यांच्या निमंत्रणावरून ज्युदोचे शिक्षक शिंझो ताकागाकी शांतिनिकेतनात शिकवायला आले.

तालीम तीच, माणसं वेगळी

नागरिक घडवायचा म्हणजे कसा, यावर मात्र सगळ्यांचं एकमत नव्हतं. १९३० च्या दशकात जपानच्या शाळांतून हेच ज्युदो आणि केंदो ही तलवारबाजी शिकवून आज्ञाधारक सैनिक तयार केले गेले. महायुद्धानंतर तिथल्या अमेरिकी प्रशासनाने शाळांतल्या या कलांवर बंदी आणली. परस्परकल्याणाचं सूत्र भिंतीवर टांगलेलं असूनही हे झालं, ही गोष्ट विसरता कामा नये.

आपल्याकडचा अनुभव वेगळा नाही. पुण्यात लहुजी वस्ताद साळव्यांच्या तालमीत जोतीराव फुले लाठी आणि दांडपट्टा शिकल्याचं सांगितलं जातं. अंगावर येणाऱ्यांना न डगमगता मुलींची शाळा चालवणारा माणूस त्या परंपरेतला. दुसरीकडे गिरणगाव पाहा. मुंबईच्या कापड गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या चाकरमान्यांचा वाटा फार मोठा होता. गावाकडून आलेल्या, खोलीत दाटीवाटीने राहणाऱ्या या तरुणांसाठी लालबाग-परळच्या व्यायामशाळा हे दुसरं घर होतं. आजारी सोबत्याला इस्पितळात नेणारे, गणेशोत्सव उभा करणारे, संपाच्या काळात चाळीत धान्य वाटणारे कार्यकर्ते तिथे तयार झाले. त्याच व्यायामशाळांतून वस्तीवर वचक ठेवणारे दादाही निघाले. गिरणी मालक, कामगार संघटना आणि राजकीय पक्ष या सगळ्यांना त्यांची गरज पडे. मुंबईच्या कामगारवर्गाचे इतिहासकार राजनारायण चंदावरकर यांनी या वस्त्यांमधलं दादा आणि व्यायामशाळांचं स्थान सविस्तर मांडलं आहे. जोर तेच, बैठका त्याच, मारुतीची तसबीरही तीच. फरक पडला तो व्यायामशाळा कुणाच्या हातात होती आणि कमावलेलं बळ कशासाठी वापरायचं हे तिथे कोण सांगत होतं, यामुळे.

नागपुरात १९२५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या शाखेवर दंड फिरला. पालगडच्या साने गुरुजींचा जिव्हाळा लाभलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेवर १९४१ पासून कवायत आणि लेझीम रंगली. संध्याकाळचं मैदान, रांग आणि शिट्टी दोन्हीकडे होती, विचार मात्र परस्परविरोधी होते. मैदानावरची शिस्त हे साधन आहे. त्यात कोणता आशय भरायचा, ते माणसं ठरवतात.

अढी आणि पडणं

मग सरावात स्वतःचं असं काहीच नाही का? आहे, आणि ते पाहायला प्रत्यक्ष तालमीतच जायला हवं.

पुरलेल्या मल्लखांबाचे तीन भाग: अंग, मान आणि वरचं बोंड. खांब सागाचा किंवा शिसवीचा, त्यावर एरंडेल चोळलेलं. नवख्या मुलाला आधी शिकवतात ती साधी अढी. दोन्ही हातांनी खांब धरायचा, उडी घेऊन पाय वर न्यायचे आणि मांड्यांच्या कचाट्यात खांब आवळून डोकं खाली करायचं. इथवर बरीच मुलं येतात. खरा धडा पुढे आहे. शिकवणारा म्हणतो, "आता हात सोड." मुलाचं डोकं जमिनीकडे असतं, रक्त चेहऱ्यात उतरलेलं असतं, मांड्या चरचरत असतात. शिकवणाऱ्याचा तळवा पाठीजवळ असतो, पण टेकलेला नसतो. मूल एक हात सोडतं, पुन्हा धरतं, पुन्हा सोडतं. शेवटी दोन्ही हात सुटतात आणि आपण पडलो नाही हे त्याला स्वतःच्या मांड्यांकडून कळतं. या क्षणी मिळणारा विश्वास कुणाच्या शाबासकीवर अवलंबून नसतो. भीती गेलेली नसते, भीती असतानाही काम करता येतं हे समजलेलं असतं. मात्र शिकवणाऱ्याने ओरडून, हसून किंवा आधाराचा हात लवकर काढून घेऊन तेच मूल कायमचं खांबापासून तोडलं, असंही घडतं. कसरत एकच असली तरी तिच्यातून मिळणारे धडे दोन असू शकतात.

ज्युदोची सुरुवात पडण्यापासून होते. हनुवटी छातीला, पाठ गोल, आणि तळव्यासह सबंध हात गादीवर आपटून धक्का पसरवायचा. पुढे फेकण्याचे डाव आले की फेकणाऱ्याने जोडीदाराची बाही अखेरपर्यंत सोडायची नसते. तो बाहीला वर ओढ देतो म्हणून जोडीदाराचं डोकं आपटत नाही. जिंकणाऱ्याने हरणाऱ्याला सांभाळायचं, हा नियम तिथे प्रत्येक फेकीत हाताने पाळावा लागतो. तो एका संध्याकाळी कित्येकदा पाळला जातो आणि अंगात मुरतो. कुस्तीत सलामी देऊन, हात मिळवून झोंबायचं आणि कुस्ती सुटल्यावर समोरच्याला उठवायचं, यामागेही हेच आहे. जोडीदार आपल्या भरवशावर स्वतःचं शरीर सोपवतो, तेव्हाच आपल्याला शिकता येतं. कानोंच्या दुसऱ्या सूत्राचा अर्थ मला पुस्तकापेक्षा या सोडायच्या नसलेल्या बाहीत जास्त नेमका दिसतो.

अभ्यास काय सांगतात?

या विषयावर मानसशास्त्रज्ञांनी बरंच काम केलं आहे. अमेरिकेत मायकल ट्रल्सन यांनी १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग नेहमी सांगितला जातो. वर्तनाच्या तक्रारी असलेल्या ३४ किशोरांचे तीन गट केले. एकाला ध्यान, आदर आणि तत्त्वं यांसह पारंपरिक तायक्वांदो, दुसऱ्याला फक्त लढण्याचं तंत्र आणि तिसऱ्याला इतर खेळ. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची आक्रमकता घटली, दुसऱ्याची वाढली. प्रयोग लहान होता, त्यावर इमला रचता येणार नाही. पण दिशा स्पष्ट आहे. २००४ मध्ये किंबर्ली लेक्स आणि विल्यम हॉइट यांनी शाळकरी मुलांवर केलेल्या अभ्यासात तीन महिन्यांच्या तायक्वांदोनंतर मुलांचा स्वतःवरचा ताबा नेहमीच्या शारीरिक शिक्षणाच्या तासापेक्षा अधिक सुधारलेला आढळला.

याच्या उलट निष्कर्षही आहे. शाळेतल्या दादागिरीचे विख्यात अभ्यासक डान ओल्वेयस यांनी इंगर एंड्रेसन यांच्यासह नॉर्वेतल्या ११ ते १३ वर्षांच्या ४७७ मुलांकडे दोन वर्षं लक्ष ठेवलं. मुष्टियुद्ध, कुस्ती, वजन उचलणं आणि पौर्वात्य युद्धकला यांत उतरलेल्या मुलांचं समाजविघातक वागणं वाढलं, असं त्यांना २००५ मध्ये दिसून आलं. या सगळ्या अभ्यासांचा एकत्रित मागोवा बेल्जियमच्या फेर्टोंगन आणि तेबोम यांनी २०१० मध्ये घेतला. परिणाम एकसारखे नाहीत आणि ते शिकवण्याची पद्धत, मुलाचा स्वभाव, घरची परिस्थिती आणि त्या कलेचं स्वरूप यांवर ठरतात, असा त्याचा मथितार्थ. गिरणगावाने जे दाखवलं, तेच आकडेवारीही दाखवते.

पट्टे, पदकं आणि सवलती

रत्नागिरीत सध्या या वर्गांना दोन गोष्टी ओढतात: पट्टा आणि पदक. रंगीत पट्ट्यांची उतरंड मुलांना उमेद देते, हे खरं आहे. तीन-चार महिन्यांनी काहीतरी साध्य झाल्याची खूण अंगावर दिसते. पण पट्टा म्हणजे परीक्षा, परीक्षा म्हणजे शुल्क, आणि शुल्कावर वर्ग चालतो. मग नापास करणं अवघड होऊन बसतं. कानोंच्या पद्धतीत काळा पट्टा ही पहिलीच पदवी असते, तिच्यापुढे दहाव्या पदवीपर्यंतची वाट असते. आपल्याकडे काळा पट्टा हा अनेकदा शेवट ठरतो. तो मिळाला की दहावीचं वर्ष येतं आणि गणवेश कपाटात जातो.

पदकाचं गणित आणखी पक्कं आहे. दहावी-बारावीला क्रीडागुणांची सवलत मिळते आणि राज्य सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. मुंबईची वाट धरण्याखेरीज पर्याय कमी असलेल्या जिल्ह्यात पालकांनी या दाराकडे आशेने पाहणं स्वाभाविक आहे, त्यात काही गैर नाही. मात्र स्पर्धेचे नियम सरावाला आपल्या साच्यात ओढतात. तायक्वांदोत छातीवरच्या कवचाला लागलेल्या लाथेला २ गुण, डोक्याला लागली तर ३, गिरकी घेऊन मारली तर त्याहून जास्त. कवचातले संवेदक हे गुण मोजतात. साहजिकच सराव त्या गुणांभोवती फिरू लागतो. वेग आणि अंतराचा अंदाज वाढतो, आणि जोडीदार हळूहळू गुण मिळवायचं ठिकाण होऊन बसतो. स्पर्धा असावी, ती धैर्य आणि हार पचवायची ताकद देते. तिच्यासाठी बाकी सगळं गहाण पडू नये, एवढंच.

मुलींचा प्रश्न

स्वसंरक्षणाच्या नावाखाली सर्वांत मोठं आश्वासन मुलींना दिलं जातं. केंद्राच्या समग्र शिक्षा अभियानात सहावी ते बारावीच्या मुलींसाठी तीन महिन्यांचं 'राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण' आहे. राणीचं सासर असलेल्या नेवाळकर घराण्याचं मूळ गाव लांजा तालुक्यातलं कोट. तेव्हा या जिल्ह्याने तरी ही योजना मन लावून राबवावी. शतकानुशतकं तालमीची माती बहुतेक ठिकाणी बायकांना बंद होती. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा व्हायला २०२३ साल उजाडलं. दोरीच्या मल्लखांबावर आणि तायक्वांदोच्या मॅटवर आज मुली सहज वावरतात, हा फार मोठा सामाजिक बदल आहे.

पण मुलींना नेमकं काय शिकवायचं? कॅनडातल्या तीन विद्यापीठांत चार्लीन सेन यांनी ८९३ विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. एकूण १२ तासांचं प्रशिक्षण घेतलेल्या गटात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ५.२ टक्के राहिलं, न घेतलेल्या गटात ते ९.८ टक्के होतं. या १२ तासांतला प्रतिकाराच्या डावांचा भाग थोडा होता. ओळखीच्या पुरुषाकडून येणारा धोका वेळीच ओळखणं, त्याला दुखवायचा संकोच बाजूला ठेवणं, ठाम नकार देणं आणि स्वतःच्या इच्छेचा मान राखणं, यावर मोठा भर होता. आपल्याकडच्या शिबिरांत अनोळखी हल्लेखोराचा हात पिरगाळण्यात बहुतेक वेळ जातो. ओळखीतल्या, नात्यातल्या माणसाला मोठ्या आवाजात "हात काढ" म्हणायचा सराव व्हायला हवा. कोकणातल्या घरंदाज वातावरणात हे वाक्य कुठल्याही लाथेपेक्षा जड जातं.

वर्ग कसा निवडावा?

या सगळ्या पाहणीतून पालकांसाठी काही ठोस गोष्टी हाती लागतात. कराटे की तायक्वांदो, ज्युदो की मल्लखांब, हा प्रश्न दुय्यम ठेवावा. पैसे भरण्याआधी एक अख्खा तास कोपऱ्यात बसून पाहावं. सर्वांत कच्च्या मुलाशी शिक्षक कसा बोलतो? जोरात लागल्यावर मारणारं मूल थांबतं का, आणि न थांबल्यास शिक्षक काय करतो? मोठी मुलं लहानांना शिकवतात की त्यांच्यावर जोर काढतात? दुखापत सांगितली तर ऐकून घेतात का? पट्ट्याच्या परीक्षेत कधी कुणी नापास होतं का? मुलींच्या अंगाला हात लावून चूक दुरुस्त करण्याआधी विचारलं जातं का? आणि पालकांना बसायला मनाई असेल, तर तिथून सरळ घरी यावं.

शिक्षकांच्या बाजूनेही बोललं पाहिजे. पावसाळ्याचे चार महिने मैदान नसतं, भाड्याचा हॉल परवडत नाही, शाळेचा हॉल लग्नाला गेला की सराव बुडतो. अशा परिस्थितीत वर्षानुवर्षं मुलं घडवणारी माणसं या जिल्ह्यात आहेत. त्यांना शुल्क आणि पदक या दोनच खुंट्यांवर संसार टांगावा लागू नये. नगरपालिका आणि शिक्षणसंस्थांनी संध्याकाळी आपले हॉल नाममात्र दरात द्यावेत. प्रशिक्षकांसाठी डावांबरोबर बालमानसशास्त्र आणि प्रथमोपचाराचं शिक्षण सक्तीचं करावं. जिल्ह्याच्या पारितोषिकांत पदकांच्या जोडीने एक हिशेब मांडावा: पाच वर्षांपूर्वी आलेल्या मुलांपैकी किती जण आजही सरावाला येतात आणि त्यांतले किती जण धाकट्यांना शिकवतात? ज्या वर्गाचं उत्तर मोठं, तो वर्ग खरा.

तालमीत माणूस घडतो, यावर माझा विश्वास आहे. तो आपोआप मात्र घडत नाही. बळ देणाऱ्याने ते कशासाठी हे रोज आपल्या वागण्यातून सांगावं लागतं. टिळकांना ते स्वतःला सांगता आलं. आपल्या मुलांना ते सांगणारा माणूस शोधून देणं आणि असा माणूस सापडला की त्याच्या पाठीशी उभं राहणं, हे आपलं काम आहे.